बारा टुणुकचा दांडा

एक होती टिकली. टिकली म्हणजे पाखरू. एवढंसं! तुमच्या मुठीत मावेल एवढं. अंग काळं, पोट पांढरं, डोळ्यांवर पांढरी भुवई. आणि शेपूट? शेपूट सारखी वर-खाली, वर-खाली. घाटावर कपडे आपटावेत तशी. म्हणून सगळे म्हणायचे, हे धोबी पाखरू.

टिकलीचं घर कुठे होतं? झाडावर? नाही. दगडाखाली? नाही. टिकलीचं घर होतं गाडीखाली!

ती गाडी कौसामावशीची. जुनी पिकअप. मावशीने घेतली तीच जुनी. एक दिवा मिचमिचा. एक दार दोरीने बांधलेलं. मागे मोठा हौदा. आणि हौद्याखाली एक लोखंडी नळी. नळी आतून पोकळ. त्या नळीत घरटं. गाडी मावशीकडे आली, तेव्हा घरटंही गाडीबरोबर आलं.

घरट्यात काय होतं? एक अंडं. दोन अंडी. तीन अंडी!

म्हणून कौसामावशी गाडी हळू चालवायची. खड्डा आला की म्हणायची, "दमानं गं बाई, दमानं! मागं बाळंतीण बसलीय."

आता काय झालं, ऐका. दिवस उन्हाळ्याचे. नदी कोरडी ठाक. नदीच्या वाळूत कलिंगडांचे वेल. मावशीने गाडी नदीत उतरवली. आणि कलिंगडं भरली. धप्प! धप्प! धप्प! किती भरली? फार भरली. हौदा भरला, वर ढीग झाला. मावशी काही हावरट नव्हती हो. पण आज वरच्या बंधाऱ्यातून नदीला पाणी सुटणार होतं. वेलावर फळ ठेवलं असतं तर वाहून गेलं असतं.

मावशी गाडीत बसली. चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... गाडी हलली. गाडी डुलली. आणि...

खटाक्!

गाडी बसली की एका बाजूला! मागचं चाक वाकडं झालं. मावशी खाली उतरली. वाकून बघितलं. कपाळाला हात लावला.

"गेला गं टिकले, दांडा गेला! मागच्या चाकाचा दांडा मोडला!"

चाक फिरतं कशाने? दांड्याने. दांडाच मोडला तर? चाक नाही. चाक नाही तर गाडी नाही.

मावशी म्हणाली, "आज पाणी सुटणार. तीन भोंगे होणार. पहिला भोंगा, माणसं बाहेर. दुसरा भोंगा, गुरं बाहेर. तिसरा भोंगा, पाणी आलंच!"

आणि पाखरांसाठी कोणता भोंगा? पाखरांसाठी भोंगाच नाही. पाखरं काय, भुर्रकन उडून जातात. पण अंडी कुठे उडतात?

मावशीने नळीत हात घातला. हात जाईना. बोटं घातली. बोटं पुरेनात. गाडी ओढून काढावी? नको नको! नळी वाळूत घासेल. अंडी फुटतील.

टिकली नळीपाशी भिरभिरली.

मावशी म्हणाली, "तू जा टिकले. मिस्त्रीला सांग. मी कलिंगडं उतरवते, गाडी हलकी करते. पण थांब, आधी माप घे."

माप कशाने घ्यायचं? फूटपट्टी नाही. टेप नाही. मावशीने दांड्याचे दोन तुकडे वाळूत एकाला एक लावून ठेवले. टिकली त्यावर चढली. या टोकापासून निघाली.

टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.
टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.
टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.

त्या टोकाला पोचली. किती झाले? बारा! बारा टुणुक!

"बारा टुणुक, बारा टुणुक," असं घोकत टिकली निघाली.

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

रस्त्याच्या कडेला भिकूमिस्त्रीचं गॅरेज. भिकूमिस्त्री गाड्या नीट करायचा. कपाळाला काळं, हाताला काळं, नाकालासुद्धा काळं.

टिकली म्हणाली,

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा, चाक बसवा ना!
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

टिकलीने दांड्याचंही सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "दांडा मोडलाय ना? मोडक्या दांड्यावर चाक बसत नसतं. नवा दांडा शहरातून येतो. दोन दिवस लागतात."

"दोन दिवस? पाणी तर आजच येणार!"

"मग जुना दांडा बघ. भंगारात मिळेल. पण मापाचा हवा हं. माप आणलंस का?"

"आणलंय. बारा टुणुक!"

मिस्त्री हसला. खो खो हसला. "टुणुक? हे कसलं गं माप? नाही जा! आधी दांडा आण, मग बघू."

तेवढ्यात लांबून आवाज आला.

भोंऽऽऽऽ!

पहिला भोंगा! वाळूतली माणसं बाहेर पळाली. डोक्यावर घमेली, काखेत पोरं. कौसामावशी मात्र गेली नाही. ती कलिंगडं उतरवत राहिली. धप्प, धप्प, धप्प.

सावली सरकली. थोडीशी.

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

पुढे रशीदचाचांचं भंगाराचं आवार. तिथे काय नव्हतं! फुटक्या बादल्या. वाकड्या सायकली. आणि कोपऱ्यात एक मेलेली पिकअप. काच नाही, सीट नाही. पण खाली चाकं होती. चाकांना दांडे होते!

टिकली म्हणाली,

"चाचा, चाचा, दांडा काढा ना!
दांडा निघेल, तर चाक बसेल.
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

चाचांनी पाना घेतला. नटाला लावला. जोर केला. कच्च! नट हलेना. पुन्हा जोर केला. कच्च! नट हलेना. चाचा घामाघूम झाले.

"गंजलाय, बेटा. पुरता गंजलाय. तेल घातल्याशिवाय सुटायचा नाही. आणि माझा तेलाचा डबा तर कोरडा. नाही जा! आधी तेल आण, मग बघू."

सावली सरकली. थोडीशी.

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

पुढे पारूकाकूंचा तेलाचा घाणा. मोठ्ठं लाकडी उखळ, त्यात मोठ्ठा लाकडी दांडू. बैल गोल गोल फिरायचा, करडई चिरडली जायची, तेल गळायचं. पण आज आवाजच नव्हता. घाणा गप्प. काकू डोक्याला हात लावून बसलेल्या.

टिकली म्हणाली,

"काकू, काकू, तेल द्या ना!
तेल गळेल, तर नट सुटेल.
नट सुटेल, तर दांडा निघेल.
दांडा निघेल, तर चाक बसेल.
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

काकू म्हणाल्या, "कुठलं तेल नि काय! हा ढवळ्या बघ. सकाळपासून बसलाय तो बसलाय. गोंजारलं, ओरडले, शेपूटसुद्धा पिळली. ढिम्म हलत नाही. नाही जा! आधी ढवळ्याला उठव, मग बघू."

ढवळ्या म्हणजे घाण्याचा बैल. पांढरा. एवढा मोठा! टिकली त्याच्या शिंगावर जाऊन बसली. शिंगावर बसली तरी ढवळ्याला कळलं नाही, एवढी ती लहान.

टिकली त्याच्या कानात म्हणाली,

"ढवळ्या, ढवळ्या, घाणा फिरव ना!
घाणा फिरेल, तर तेल गळेल.
तेल गळेल, तर नट सुटेल.
नट सुटेल, तर दांडा निघेल.
दांडा निघेल, तर चाक बसेल.
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

ढवळ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "हंऽऽऽ. रोज कडबा. रोज कडबा. वाळका, कडक, टोचरा. माझे दात दुखायला लागले. मला मऊ गवत पाहिजे. नाही जा! आधी मऊ गवत आण, मग बघू."

आणि त्याने डोळा मिटून घेतला. असा राग आला टिकलीला! पण रागावून काय करणार? बैलाला काय उचलता येतं?

सावली सरकली. थोडी जास्तच सरकली.

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

टिकलीचे पंख दुखायला लागले. घशाला कोरड पडली. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. पण ती थांबली नाही. नदीच्या वरच्या अंगाला बंधारा. बंधाऱ्याच्या खाली गवत. होतं गवतच, पण कसलं? पिवळं. वाळकं. कडकड मोडणारं.

टिकली म्हणाली,

"गवता, गवता, मऊ हो ना!
गवत डोलेल, तर ढवळ्या जेवेल.
ढवळ्या जेवेल, तर घाणा फिरेल.
घाणा फिरेल, तर तेल गळेल.
तेल गळेल, तर नट सुटेल.
नट सुटेल, तर दांडा निघेल.
दांडा निघेल, तर चाक बसेल.
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

गवत बारीक आवाजात म्हणालं, "मऊ कसं होऊ गं? मुळाशी ओलच नाही. ओंजळभर पाणी दे. तुझ्या चोचीत मावतो एक थेंब, त्याने काय होणार? नाही जा! आधी ओंजळभर पाणी आण, मग बघू."

पाणी! ज्या पाण्याला टिकली भीत होती, तेच पाणी आता मागायचं होतं. टिकली घाबरली. तुम्हीही घाबरला असतात. पण करते काय? तिने शेपूट वर केली, आणि निघाली.

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

बंधाऱ्यावर लोखंडी दारं. दारांच्या मागे पाणीच पाणी. दारांपाशी कोंडाजीबाबा. बाबा पाटकरी होते. पाणी सोडणं त्यांचं काम. त्यांच्यासमोर एक खांब आणि तीन पांढरे दगड. खांबाची सावली पहिल्या दगडावर आली की पहिला भोंगा. दुसऱ्या दगडावर आली की दुसरा. तिसऱ्या दगडावर आली की तिसरा, आणि दारं उघडायची.

टिकली पोचली, आणि सावली दुसऱ्या दगडाला टेकली. बाबांनी बटण दाबलं.

भोंऽऽऽऽ! भोंऽऽऽऽ!

केवढा तो आवाज! टिकली खाली पडता पडता राहिली. नदीतून गाई निघाल्या, शेळ्या निघाल्या, एक गाढव निघालं. आता वाळूत राहिली फक्त कौसामावशी. आणि मोडकी गाडी. आणि गाडीखाली... तुम्हाला माहीत आहे काय ते.

टिकली ओरडली, "बाबा, बाबा, पाणी थांबवा ना!"

बाबा म्हणाले, "पाणी थांबायचं नाही, पोरी. खाली सात गावं तहानलीत. लेकरं घागरी घेऊन बसलीत. त्यांना काय सांगू?"

खरंच होतं ते. टिकलीला कळलं. मग तिने मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली,

"बाबा, बाबा, पाणी द्या ना! ओंजळभर!
पाणी मिळेल, तर गवत डोलेल.
गवत डोलेल, तर ढवळ्या जेवेल.
ढवळ्या जेवेल, तर घाणा फिरेल.
घाणा फिरेल, तर तेल गळेल.
तेल गळेल, तर नट सुटेल.
नट सुटेल, तर दांडा निघेल.
दांडा निघेल, तर चाक बसेल.
चाक बसेल, तर गाडी चढेल.
गाडी चढेल, तर अंडी वाचतील.
तीन अंडी, टिकलीची!"

बाबांनी मान हलवली. "तिसऱ्या भोंग्याआधी थेंब नाही. नियम म्हणजे नियम. नाही जा!"

झालं! आता पुढे जायला कोणीच नव्हतं. बाबांच्या पुढे होतं फक्त पाणी. टिकली रडवेली झाली. खाली बघत बसली. आणि तिला दारापाशी काय दिसलं? एक छोटी दगडी डोणी. कोरडी. आत धूळ, आत एक वाळकं पान.

टिकलीने डोळे पुसले. म्हणाली, "बाबा, ही डोणी कोणाची?"

बाबा मान वळवून पाण्याकडे बघू लागले.

"माझी आई सांगायची, पाणी सोडायच्या आधी पहिली ओंजळ पाखरांची. तुमचे वडील घालायचे. मग तुम्ही घालायचात. तोही नियमच ना, बाबा?"

बाबांनी डोणीकडे बघितलं. पान उचललं. धूळ पुसली. बाबांना फार वाईट वाटलं.

"खरं आहे गं," ते म्हणाले. "पूर्वी शिंग फुंकायचो, मग ओंजळ घालायचो. आता भोंगा बटणावर आला. बटण दाबलं की झालं. ओंजळ राहूनच गेली. दोन वर्षं झाली, विसरलोच मी."

बाबा वाकले. दोन्ही हातांनी पाणी उचललं. डोणीत ओतलं. खळ्ळ!

"पी, पोरी. तुझी आहे."

गार पाणी. चकचकीत पाणी. टिकलीचा घसा कोरडा, चोच उघडी. तिने पाण्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. प्यायली का? नाही प्यायली.

"बाबा, ही ओंजळ माझी ना? मग ती गवताला घाला."

बाबा पुन्हा वाकले. त्यांनी डोणी उचलली आणि उताराला ओतली. पाणी निघालं. सळ्ळ, सळ्ळ, सळ्ळ. थेट गवताच्या मुळाशी!

पाणी मिळालं, गवत डोललं! एक पातं मऊ झालं. दोन पाती मऊ झाली. सगळं गवत हललं, हिरवं झालं. टिकलीने एक पातं चोचीत धरलं आणि भुर्रर्र! ढवळ्याच्या नाकासमोर धरलं. ढवळ्याने हुंगलं. "हंऽऽऽ! ओलं?" ताडकन उठला. धाड धाड धाड गवतापाशी गेला. चपर चपर खाल्लं. धाड धाड धाड परत आला.

ढवळ्या जेवला, घाणा फिरला. कर्रर्र, कर्रर्र, कर्रर्र.
घाणा फिरला, तेल गळलं. टप्, टप्, टप्.

पारूकाकूंनी बुधली भरली. पदर खोचला. आणि धावल्या! काकू जाड, बुधली जड, तरी धावल्या. टिकली पुढे, काकू मागे.

"चाचा, हे घ्या तेल!"

तेल गळलं, नट सुटला! आधी कच्च, मग कुंईऽऽऽ, मग फटाक्! चाचांनी बाकीचे नटही सोडले आणि चाक काढलं. दांडा ओढला. सर्रर्र! लांबलचक दांडा बाहेर आला. चाचांनी तो खांद्यावर टाकला.

"चला, चला, पळा!"

"थांबा!" टिकली ओरडली. "मोजायचा राहिला!"

काकू म्हणाल्या, "अगं, सावली बघ कुठे गेली! मोजत काय बसतेस?"

चाचा म्हणाले, "बेटा, दांडा म्हणजे दांडा. पिकअपचाच आहे."

पण टिकली हटली नाही. दांड्यावर उतरली आणि निघाली.

टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.
टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.
टुणुक, टुणुक, टुणुक, टुणुक.

बारा झाले. दांडा संपला का? नाही संपला! टुणुक, तेरा. टुणुक, चौदा.

"हा नाही! हा लांब आहे!"

चाचांनी जीभ चावली. "अरेच्चा! चुकलोच की मी! मागे दोन चाकं, दोन दांडे. या बाजूचा लांब, त्या बाजूचा आखूड. घाईत उलट्या बाजूचा काढला!"

आता? पुन्हा पहिल्यापासून! दुसरी बाजू. दुसरा नट. पुन्हा तेल. टप्, टप्. पुन्हा पाना. कच्च! हलेना. कच्च! हलेना. काकूंनी पाना धरला. चाचांनी पाना धरला. टिकली पान्याच्या टोकावर जाऊन बसली. तेवढंच तिचं वजन!

कुंईऽऽऽ... फटाक्!

नट सुटला, दांडा निघाला! टिकलीने मोजला. टुणुक टुणुक करत गेली. बारा! बरोब्बर बारा! एक कमी नाही, एक जास्त नाही.

आता मात्र सगळे पळत सुटले. पुढे टिकली, मागे चाचा, चाचांच्या मागे काकू. गॅरेजवरून जाताना टिकली ओरडली,

"मिस्त्रीदादा, दांडा निघाला! बारा टुणुक!"

मिस्त्री आता हसला नाही. पाना घेतला, जॅक घेतला, आणि तोही धावला.

नदीत कौसामावशी घामाने ओली. हात सोललेले. सगळी कलिंगडं काठावर. गाडी रिकामी. मावशी म्हणाली, "आलात! या, या, लवकर या!"

मिस्त्री वाळूत आडवा झाला. खाली फळी, फळीवर जॅक. किर्र किर्र, गाडी वर. दांडा आत. सर्रर्र... आणि ठक्! घट्ट बसला. जणू त्याच गाडीचा! मिस्त्री म्हणाला, "बाई गं, केसाचाही फरक नाही."

दांडा बसला, चाक बसलं. आता नट. एक नट, खट खट. दोन नट, खट खट. तीन नट, खट खट...

सावली तिसऱ्या दगडाला टेकली.

भोंऽऽऽऽ! भोंऽऽऽऽ! भोंऽऽऽऽ!

तिसरा भोंगा!

चार नट, खट खट. लांबून आवाज आला. घोंऽऽऽ. वाळू थरथरली. पाच नट, खट खट. "पाणी! पाणी!" काकू ओरडल्या. मिस्त्री जॅक काढून गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"बसा! चालवा!"

टिकली कुठे होती? काठावर? झाडावर? उडून जायला तिला कितीसा वेळ लागणार? पण टिकली नळीत शिरली. घरट्यात बसली. तीन अंडी पोटाखाली घेतली. आणि डोळे घट्ट मिटले.

मावशीने चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... फुस्स.

पाणी वळणावर आलं. घोंऽऽऽ.

मावशीने चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... फुस्स.

पाणी वेलांवर आलं. घोंऽऽऽ! घोंऽऽऽ!

मावशी गाडीला म्हणाली, "आता नाही दमानं, बाई! आता पळ!" आणि चावी फिरवली.

घर्रर्र... घर्रर्र... धाड् धाड् धाड् धाड्!

चाक फिरलं! चाचांनी मागून लोटलं. काकूंनी लोटलं. मिस्त्रीने लोटलं. पाणी चाचांच्या पायाला लागलं. पाणी मागच्या चाकाला लागलं. गाडी चढली... घसरली... चढली... चढली...

आणि काठावर आली!

मागे पाणी भरून गेलं. या काठापासून त्या काठापर्यंत. सात गावांकडे निघालं, फेसाळत, खळखळत. सगळे लोक धपाधप खाली बसले. मावशी वाकली आणि नळीपाशी कान लावला.

"टिकले? आहेस ना गं?"

आवाज नाही. मावशीचा जीव घाबरा झाला. तिने पुन्हा कान लावला.

आणि आतून आवाज आला. टिकलीचा नव्हे. फार बारीक.

टक्.

टक्, टक्.

टक्, टक्, टक्!

नळीतून आधी टिकलीची शेपूट आली. वर-खाली, वर-खाली. मग टिकली आली. मग आतून आवाज आला, चिक्! चिक्! चिक्!

मावशी हसली, रडली, पुन्हा हसली. एक कलिंगड दगडावर फोडलं. लाल लाल फोडी सगळ्यांनी खाल्ल्या. मिस्त्रीने गॅरेजच्या भिंतीवर खडूने लांब रेघ ओढली. खाली लिहिलं, 'पिकअपचा दांडा, बारा टुणुक.' कोणी विचारलं तर सांगायचा, "हे आमच्याकडचं माप आहे. टेप चुकेल, हे नाही चुकायचं."

ऊन कलायला आलं. बंधाऱ्यावरून कोंडाजीबाबा चालत आले. हळूहळू आले. हात पुढे धरलेले, दोन्ही जुळवलेले. हातात ओंजळभर पाणी. वाटेत थोडं सांडलं, पण बरंचसं राहिलं.

"पहिली ओंजळ तू देऊन टाकलीस," बाबा म्हणाले. "ही घे. ही तुझीच."

टिकली बाबांच्या अंगठ्यावर बसली. चोच बुडवली. मान वर केली. पाणी गार होतं. सकाळपासून पहिल्यांदा टिकली पाणी प्यायली. एक घोट, दोन घोट, तीन घोट. चौथा घोट तिने गिळला नाही. चोचीत धरला, आणि नळीत घेऊन गेली.

पाणी गेलं गावाला,
गाडी आली काठाला,
घोट मिळाला पिल्लांना,
आणि गोष्ट संपली टुणुकन्.